फायनल ऑर्डरची घाई करू नका: इंग्लंड-वेल्समधले घटस्फोट आणि बदललेला कायदा

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये फॅमिली लॉ करणारे आपण सहा-सात जण इथे नियमित येतो, शिवाय पुण्या-मुंबईच्या कोर्टात उभे राहणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतोय. जे स्वतः यातून जात आहेत त्यांनीही मोकळेपणाने विचारा. फक्त नावगाव आणि केस नंबर टाकू नका.

निमित्त सांगतो. मध्यंतरी एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले, कडेला रंगीत चिकटपट्ट्या. नवऱ्याने ऑनलाइन अर्ज केला, यांनी पोच दिली, साडेसात महिन्यांत फायनल ऑर्डर (घटस्फोटाचा शेवटचा आदेश) हातात आली. त्यानंतर वर्षभराने यांचं दुसरं लग्न झालं. आणि आता त्या विचारायला आल्या होत्या की एकोणीस वर्षं ज्या घरात संसार केला त्या घराचं काय? घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. मी ते फोल्डर तीनदा चाळलं, मला फॉर्म ए (पैसा-मालमत्तेच्या मागणीचा अर्ज) सापडेना. तो कधी भरलाच नव्हता.

मॅट्रिमोनियल कॉजेस ॲक्ट 1973, कलम 28(3). पुन्हा लग्न केलेल्या माणसाला आधीच्या लग्नाबद्दल पोटगी, एकरकमी रक्कम किंवा मालमत्तेच्या हस्तांतरणाचा अर्ज करता येत नाही. लग्नाआधी अर्ज दाखल असेल तर तो चालतो. अर्जदाराने घटस्फोटाच्या अर्जातच आर्थिक मागण्यांच्या खुणा केलेल्या असतात, त्यामुळे तो बहुतेकदा वाचतो. प्रतिवादीला तशी सोय नाही. तिने स्वतः फॉर्म ए भरायला हवा, तोही दुसऱ्या लग्नाआधी. त्या बाई म्हणाल्या, "घटस्फोट रीतसर झाला ना, मग पैशाचंही त्यातच झालं असेल असं मला वाटलं." त्यांचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. पोर्टल इतकं सोपं केलंय की काम पूर्ण झालं असंच कुणालाही वाटावं.

डिव्होर्स, डिसोल्युशन अँड सेपरेशन ॲक्ट 2020 हा कायदा 6 एप्रिल 2022 पासून लागू झाला. त्याच्या बाजूने मी तेव्हाही होतो, आजही आहे. त्याआधी व्यभिचार, असह्य वागणूक, त्याग, दोन वर्षं वेगळं राहणं आणि संमती, किंवा पाच वर्षं वेगळं राहणं, यांतलं काहीतरी दाखवावं लागे. ओवेन्स विरुद्ध ओवेन्स आठवत असेल. 1978 चं लग्न, बाईंनी 2015 मध्ये घर सोडलं, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने जड मनाने सांगितलं की कायद्यात बसत नाही, पाच वर्षं पुरी होईपर्यंत थांबा. आता लग्न मोडलं आहे असं लेखी निवेदन पुरतं, न्यायाधीश त्याच्या खोलात जात नाहीत. अर्ज इश्यू झाल्यापासून 20 आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डर (घटस्फोटाचा मधला आदेश) मागता येते, ती मिळाल्यावर 6 आठवड्यांनी फायनल ऑर्डर.

पण या 26 आठवड्यांत पैशाचं काहीच आपोआप होत नाही. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: आर्थिक ऑर्डरवर कोर्टाचा शिक्का बसल्याशिवाय फायनल ऑर्डरचं बटण दाबू नका, आणि प्रतिवादीचे सॉलिसिटर असाल तर समोरच्याला दाबू देऊ नका.

लेस्टरची_लेक

चांगला धागा, रेडिंगकर. एक भर घालते. 28(3) मध्ये पेन्शन शेअरिंग ऑर्डर येत नाही. पुन्हा लग्न झालेलं असलं तरी पेन्शनमधला वाटा मागता येतो. नवऱ्याची पेन्शन बघितलीत का?

रेडिंगकर

हो ताई, त्याच दोरीला धरून चाललोय. त्याची वीस वर्षांची सरकारी खात्यातली पेन्शन आहे, अंतिम पगारावरची. घराबद्दल ट्रस्टच्या कायद्याखाली काही हाती लागतं का तेही बघतोय, कारण बाईंचा पगार कित्येक वर्षं गहाणाच्या हप्त्यांत गेला आहे. पण ती वाट खडतर आहे. कुटुंब न्यायालयात गरज, मुलं, लग्नाचा काळ सगळं तोललं जातं. तिकडे फक्त मालकीचा हिशोब.

नवशिका_ट्रेनी

सर, मी सध्या ट्रेनिंगमध्ये फॅमिली लॉच्या विभागात आहे. आमच्याकडे प्रतिवादी बाई आहेत, त्यांना घटस्फोट नकोच आहे. लढता येतं का?

रेडिंगकर

जवळजवळ नाही. कोर्टाला अधिकारक्षेत्रच नाही, लग्न मुळात वैध नव्हतं, किंवा ते आधीच संपलेलं आहे, एवढ्यावरच हरकत घेता येते. "मला नको आहे" हे उत्तर कायद्याला चालत नाही. हे त्यांना पहिल्याच भेटीत शांतपणे सांगा. त्यांनी आशेवर सहा महिने काढायचे आणि शेवटी आपण सांगायचं, हे फार वाईट.

पण त्यांच्या हातात एक हत्यार आहे, ते बरेच जण विसरतात. 1973 च्याच कायद्याचं कलम 10(2). कंडिशनल ऑर्डर झाल्यावर प्रतिवादी कोर्टाला सांगू शकते की घटस्फोटानंतरची माझी आर्थिक स्थिती आधी बघा, तोवर फायनल ऑर्डर देऊ नका. पूर्वी हे फक्त वेगळं राहण्याच्या कारणावरच्या घटस्फोटांना लागू होतं, 2022 पासून एकट्याने अर्ज केलेल्या कोणत्याही घटस्फोटाला. नवऱ्याची मोठी पेन्शन आहे आणि बायको विधवा-पेन्शनची हक्कदार आहे अशा केसमध्ये याचं मोल फार. समजा फायनल ऑर्डर झाली, पेन्शन शेअरिंग अजून लागू झालेलं नाही, आणि नवरा गेला. बायको आता विधवा नाही आणि वाटेकरीही नाही. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं बोलतोय.

लेस्टरची_लेक

ट्रेनी, याच्या जोडीला हेही लक्षात ठेव. कन्सेंट ऑर्डर (दोघांच्या संमतीची आर्थिक ऑर्डर) कंडिशनल ऑर्डरच्या आधी मंजूर होत नाही. त्यामुळे त्या 20 आठवड्यांत हातावर हात ठेवून बसायचं नाही. फॉर्म ई (आर्थिक स्थितीचा सविस्तर तपशील) भरून घ्यायचा, पेन्शनचं मूल्य मागवायचं (काही ट्रस्टी ते द्यायला तीन-तीन महिने लावतात), ऑर्डरचा मसुदा आणि सोबतचा डी-81 (आर्थिक माहितीचा गोषवारा) तयार ठेवायचा. कंडिशनल ऑर्डर आली की त्याच आठवड्यात पाठवायचं.

आणि आपल्या लोकांचा फॉर्म ई म्हणजे वेगळाच विषय. 500 पौंडांपेक्षा जास्त किमतीची प्रत्येक वैयक्तिक वस्तू लिहावी लागते. "दागिने काही विशेष नाहीत" असं म्हणतात आणि मग बोलता बोलता पाटल्या, तोडे, आजीची ठुशी, लॉकरमधला राणीहार निघतो. लॉकर भारतात, सासूबाईंच्या नावावर. स्त्रीधन आहे हे इथल्या न्यायाधीशाला नीट समजावून सांगावं लागतं, पण लपवायचं मात्र नाही. भारतातला फ्लॅट, पीपीएफ, पीएफ, गावची जमीन, सगळं यायला हवं. इथलं कोर्ट तिकडच्या सातबाऱ्यावर हात ठेवू शकत नाही, पण इथे बसलेल्या माणसाला आदेश देऊ शकतं, आणि इथल्या वाटणीत ते जमेला धरू शकतं.

मँचेस्टरी

लपवाछपवीचं बोलताय म्हणून विचारतो. माझ्या पक्षकाराने कर वाचवायला शेअर्स बायकोच्या नावावर केले होते. आता ती म्हणते निम्मे माझे. स्टँडिशचा निकाल आल्यापासून आम्ही निश्चिंत आहोत. बरोबर ना?

रेडिंगकर

निश्चिंत हा शब्द जपून वापरा. स्टँडिश विरुद्ध स्टँडिश, सुप्रीम कोर्ट, 2 जुलै 2025. नवऱ्याने 2017 मध्ये करनियोजन म्हणून सुमारे 7.8 कोटी पौंडांची गुंतवणूक बायकोच्या नावावर केली, पुढे मुलांसाठीच्या ट्रस्टमध्ये जाईल या हिशोबाने. ती तिथपर्यंत गेलीच नाही, मधेच लग्न मोडलं. हायकोर्टाने बायकोला एकूण साडेचार कोटी दिले होते, अपील कोर्टाने ते अडीच कोटींवर आणले, सुप्रीम कोर्टाने अपील कोर्टाचं कायम केलं. सूत्र असं: समान वाटणी फक्त वैवाहिक मालमत्तेची. लग्नाआधीची किंवा बाहेरून आलेली मालमत्ता वैवाहिक कधी होते, तर नवरा-बायकोने काळाच्या ओघात ती दोघांची म्हणून वागवली असेल तर. नाव कुणाचं यावरून ठरत नाही, आणि केवळ कर वाचवायला केलेलं हस्तांतरण हा सहसा तसा पुरावा नाही.

आता तुमच्या पक्षकाराला दोन प्रश्न विचारा. ते शेअर्स मुळात आले कुठून? लग्नानंतरच्या पगारातून घेतले असतील तर स्टँडिशचा काही उपयोग नाही, ते आधीपासूनच वैवाहिक आहेत. आणि बायकोची गरज किती? वाटणीचं तत्त्व बिगरवैवाहिक मालमत्तेला लागत नाही, पण गरजेचं लागतं. आपल्या बहुतेक केसेस गरजेच्याच असतात. कोट्यवधींचे निकाल वाचताना हे विसरायला होतं.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण घ्या. आईवडिलांनी दिलेला भारतातला फ्लॅट विकला, पैसे इथे आणले, जॉइंट खात्यात ठेवले, त्यातून राहतं घर घेतलं. ते पैसे आता "माझ्या बाबांचे" राहिले नाहीत. तोच फ्लॅट तिकडेच भाड्याने दिलेला, भाडं बाबांच्या खात्यात, बायकोने कधी पाहिलाही नाही, तर गोष्ट वेगळी.

लेस्टरची_लेक

पण मँचेस्टरी, हे सगळं कोर्टात नेण्याआधी एफएम-5 भरलात का?

मँचेस्टरी

भरला. आणि स्पष्टच सांगतो, मला ते पटत नाही. 29 एप्रिल 2024 पासून नियम बदलले, पहिल्या सुनावणीच्या सात कामकाजाच्या दिवसांआधी लिहून द्यायचं की कोर्टाबाहेर मिटवण्याबद्दल तुमचं म्हणणं काय. पक्षकारांची तयारी नसली तरी न्यायाधीश मध्यस्थीसाठी वेळ देऊन सुनावणी पुढे ढकलू शकतात. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ढकलणंच हवं असतं. बायको भाड्याच्या खोलीत मुलाला घेऊन राहतेय आणि आम्ही चर्चा करतोय.

लेस्टरची_लेक

तुमचा राग समजतो, पण कोर्टाबाहेर म्हणजे फक्त मध्यस्थी नाही. लवाद आहे, खाजगी एफडीआर (तडजोडीसाठीची सुनावणी) आहे, एखाद्या अनुभवी बॅरिस्टरचं निष्पक्ष मत आहे. खाजगी एफडीआरला आम्ही सहा आठवड्यांत तारीख घेतली, कोर्टात तेव्हा सात महिन्यांची रांग होती. भाड्याच्या खोलीतल्या बायकोला हाच रस्ता जवळचा.

आणि कोर्टाचा रोखही पाहा. नोव्हेंबर 2023 मध्ये चर्चिल विरुद्ध मर्थर टिडफिल या दिवाणी प्रकरणात अपील कोर्टाने सांगितलं की पक्षकारांना कोर्टाबाहेरच्या मार्गाकडे वळवणं कायद्यात बसतं. 2024 च्या री एक्स निकालात हायकोर्टाने कुटुंब न्यायालयातल्या सॉलिसिटर्सना जवळजवळ ताकीदच दिली. नंतर कारण न देता नकार देणाऱ्याला खर्च भोगावा लागू शकतो. पक्षकाराला हे लेखी कळवलं नाही तर ते आपल्यावर येईल.

जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे मी कधीच मध्यस्थीचा आग्रह धरत नाही. ती सूट नियमांत आहे आणि राहायला हवी.

मँचेस्टरी

धाक कागदावर दिसत नाही ही अडचण आहे. माझ्याकडे एक आहेत, नोकरी करतात, पण पगार जातो नवऱ्याच्या खात्यात. आठवड्याला वीस पौंड मिळतात, आणि बसच्या तिकिटाचासुद्धा फोटो पाठवावा लागतो. विचारलं तर म्हणतात, "मारत नाही हो तो."

लेस्टरची_लेक

डोमेस्टिक ॲब्यूज ॲक्ट 2021 च्या पहिल्याच कलमात आर्थिक छळ आलेला आहे. मारलं पाहिजे अशी अट नाही. वीस पौंडांचे आणि तिकिटांचे ते मेसेज जपून ठेवायला सांगा, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या तरी ईमेलवर पाठवून द्या. सतत धाकात, नियंत्रणात ठेवणं हा 2015 पासून गुन्हा आहे, आणि एप्रिल 2023 पासून वेगळे राहू लागल्यानंतरचं वागणंही त्यात येतं. छळ करणाऱ्याला स्वतः उलटतपासणी घेण्याची बंदीही 2021 च्याच कायद्याने आली.

एफएम-5 वर माझं मत बदललेलं नाही, पण या केसमध्ये मीही थेट कोर्टात गेले असते.

घरबसल्या_सल्ला_नको

मी इमिग्रेशन करते, फॅमिली नाही, पण वरच्या केसबद्दल राहवत नाही. त्या बाई नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट आहेत का? असतील तर घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी मला किंवा कुणालाही इमिग्रेशनवाल्याला फोन करा. नातं तुटलं की व्हिसाचा पाया जातो आणि होम ऑफिस (इथलं गृहखातं) मुदत कमी करू शकतं. छळाला बळी पडलेल्यांसाठी तीन महिन्यांची सवलत आहे, तिच्यात सरकारी मदतही घेता येते. फेब्रुवारी 2024 पासून स्किल्ड वर्कर आणि विद्यार्थी व्हिसावरच्या जोडीदारालाही ती मिळते. पण ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला जशी पुढे कायम वास्तव्याची वाट असते, तशी डिपेंडंटला तिथून मिळत नाही. त्या तीन महिन्यांत पुढचं ठरवावं लागतं. आयटीतले आपले हजारो लोक याच व्हिसावर आहेत, आणि बहुतेक बायकांना "नवऱ्याने पोलिसांना सांगितलं तर उद्याच विमानात बसवतील" एवढंच सांगितलेलं असतं. ते खरं नाही.

पुण्याचा_वकील

रेडिंगकर साहेब, भारताची बाजू मांडू का? कारण तुमच्याकडची फायनल ऑर्डर घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मला त्यांना वाईट बातमी द्यावी लागते.

हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टाने मोडलं तर ते इथे मानलं जाईलच असं नाही. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी, सुप्रीम कोर्ट, 1991. नियम असा की परदेशी कोर्टाचं अधिकारक्षेत्र आणि घटस्फोटाचं कारण, दोन्ही ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात बसायला हवं. अपवाद तीन: समोरचा जिथे कायम राहतो तिथल्या कोर्टात अर्ज झाला आणि घटस्फोट आपल्या कायद्यातल्या कारणावर दिला गेला, किंवा समोरच्याने स्वखुशीने हजर राहून आपल्या कायद्यातल्या कारणावर केस लढवली, किंवा समोरच्याने घटस्फोटाला संमती दिली.

आता तुमचा नवा कायदा बघा. लग्न मोडलं, एवढंच कारण. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये हे कारण नाही. आमच्या सुप्रीम कोर्टाने 2023 च्या शिल्पा शैलेश निकालात सांगितलं की घटनेच्या अनुच्छेद 142 खाली ते स्वतः या कारणावर लग्न मोडू शकतात. पण तो त्यांचा खास अधिकार, जिल्ह्याच्या कोर्टाला तो नाही. म्हणजे नवरा स्लाउमध्ये, बायको सांगलीत माहेरी, त्याने एकट्याने पोर्टलवर अर्ज केला, तिने नुसती पोच दिली किंवा काहीच केलं नाही. त्याच्या मते तो मोकळा. इथे ती अजून त्याची बायको. त्याने दुसरं लग्न केलं तर पुढचा सगळा गोंधळ तुम्हीच ताडा.

म्हणून माझी विनंती: दोघांचं पटत असेल तर संयुक्त अर्ज करा. तुमच्याकडे ती सोय 2022 पासून आहेच. संमती कागदावरच दिसते. एकट्याचा अर्ज असेल तर समोरच्याकडून स्पष्ट संमतीचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि ऑर्डरची प्रमाणित प्रत अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालावी म्हणून सरकारी शिक्कामोर्तब) करून ठेवा. जिथे जमेल तिथे इथेही कलम 13-ब खाली परस्परसंमतीचा अर्ज करून टाका.

रेडिंगकर

साहेब, हे तुम्ही इतक्या नेमकेपणाने लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः आता भारतात लग्न झालेल्या प्रत्येक जोडप्याला आधी संयुक्त अर्जाचंच सुचवतो. त्यात एक सावधगिरी हवी. संयुक्त अर्ज मधेच एकट्याचा करता येतो. फायनल ऑर्डरच्या टप्प्यावर तसं करायचं तर समोरच्याला 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती नोटीस आली की पैशाचं काय झालं हे तपासायला आपल्याकडे दोनच आठवडे उरतात.

उलट बाजूही सांगतो. घटस्फोट भारतात झाला, पैशाचं तिथे नीट काही झालं नाही, आणि घर-पेन्शन इथे आहे. तर मॅट्रिमोनियल अँड फॅमिली प्रोसीडिंग्ज ॲक्ट 1984 च्या भाग 3 खाली इथल्या कोर्टाची परवानगी घेऊन आर्थिक अर्ज करता येतो. 2010 च्या अगबाजे निकालाने हा दरवाजा नीट उघडला. 2024 मध्ये पोटानिन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की एकतर्फी परवानगी मिळाली तरी समोरच्याला ती रद्द करून घेण्याची खरी संधी मिळायला हवी. आणि पुन्हा तेच: ज्याने दुसरं लग्न केलं त्याला भाग 3 चा अर्जही करता येत नाही.

हॅरोवासी

मी वकील नाही, वाचतोय फक्त. आमच्या भाचीचं लग्न इथेच एका हॉलमध्ये झालं. गुरुजी होते, सप्तपदी झाली, तीनशे माणसं जेवली. रजिस्ट्रेशन "नंतर करू" म्हणाले ते राहूनच गेलं. आता चार वर्षांनी पटत नाहीये. घटस्फोट कुठे घ्यायचा?

रेडिंगकर

हॅरोवासी काका, वाईट वाटून घेऊ नका, पण इंग्लंडच्या कायद्याच्या नजरेत ते लग्न झालंच नाही असं निघण्याची शक्यता फार मोठी आहे. 2020 मध्ये अपील कोर्टाने अख्तर प्रकरणात हेच सांगितलं. तिथे साउथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये 1998 साली निकाह झाला होता, नागरी नोंदणी राहून गेली, अठरा वर्षं संसार, चार मुलं, आणि तरी कोर्टाने म्हटलं की हे अवैध लग्नही नाही, कायद्याच्या कक्षेतच न येणारा समारंभ आहे. त्यामुळे घटस्फोट नाही, नलिटी (लग्न रद्दबातल ठरवून घेणं) नाही, आणि पती-पत्नी म्हणून आर्थिक हक्कही नाहीत. भाचीला लवकर कुणाकडे तरी न्या. घर कुणाच्या नावावर, पैसे कुणी भरले, मुलं आहेत का, यावरून पुढचं ठरेल. मुलांच्या आर्थिक तरतुदीसाठी चिल्ड्रेन ॲक्ट 1989 चं शेड्यूल 1 लग्न नसलं तरी लागू होतं.

हॅरोवासी

धन्यवाद. एक मुलगी आहे, दोन वर्षांची. उद्याच फोन करायला सांगतो.

कोराकागद

मग आमच्यासारख्यांचं काय? अकरा वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहतोय. मला वाटलं इतकी वर्षं झाली की कायदा नवरा-बायको मानतो.

लेस्टरची_लेक

नाही मानत. "कॉमन लॉ मॅरेज" नावाचं काही इंग्लंड-वेल्समध्ये नाही, कितीही वर्षं झाली तरी. स्कॉटलंडमध्ये 2006 च्या कायद्याने मर्यादित हक्क आहेत, तिथे राहत असाल तर वेगळा सल्ला घ्या, मुदत कमी असते. इथे असाल तर घराच्या मालकीबद्दल लेखी ट्रस्ट डीड करा आणि दोघांनीही मृत्युपत्र करा. या महिन्यात करा.

नवशिका_ट्रेनी

मुलांबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे एक आई आहे, तिला दिवाळीला मुलाला घेऊन भारतात जायचंय. वडील हो म्हणत नाहीत. आमच्या ऑफिसातले सर म्हणाले फाइल वाचून ये, पण मला मुळात कळलं नाही की दोन आठवड्यांच्या सुट्टीला एवढं काय?

रेडिंगकर

चांगला प्रश्न, आणि दोन्हीकडची भीती खरी आहे हे आधी समजून घ्या.

मुलांच्या अपहरणाबद्दलच्या 1980 च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. मूल तिकडेच ठेवून घेतलं तर परत आणण्याची ठरलेली, वेगवान वाट नाही. वडिलांना भारतात हेबियस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो आणि तिथलं कोर्ट मुलाचं हित स्वतः तपासतं. 2017 चं नित्या आनंद राघवन प्रकरण इंग्लंडचंच होतं. आई मुलीला घेऊन दिल्लीला गेली, इथल्या हायकोर्टाने परत आणायचा आदेश दिला, पण भारताच्या सुप्रीम कोर्टाने मुलीचं हित आधी धरून तिला आईकडेच राहू दिलं. वडिलांचे सॉलिसिटर हेच दाखवणार.

आईच्या बाजूने: तिला आजी-आजोबा आहेत, भाषा आहे, सण आहे. मुलाला ते मिळू नये असं कुणालाच वाटत नसतं. म्हणून आपण बांधणी करायची. परतीची तिकिटं, राहण्याचा पत्ता, रोज व्हिडिओ कॉलची वेळ, मुलाची शाळा आणि आईची नोकरी इथेच आहे याचा पुरावा, कोर्टासमोर शपथेवर हमी, काही वेळा ठेव म्हणून रक्कम, आणि शक्य असेल तर भारतातल्या कोर्टाकडून तशीच मिरर ऑर्डर. मुलाचा भारतीय व्हिसा किंवा ओसीआय कोणत्या मुदतीचा आहे तेही बघा.

आणि तिला हे ठणकावून सांगा: 16 वर्षांखालच्या मुलाला आवश्यक संमतीशिवाय देशाबाहेर नेणं हा चाइल्ड ॲब्डक्शन ॲक्ट 1984 खाली गुन्हा आहे. मूल तिच्याकडे राहील अशी कोर्टाची ऑर्डर असेल तर 28 दिवसांपर्यंत नेता येतं, ऑर्डर नसेल तर वडिलांची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी. "माझंच मूल आहे, मी कुणाला विचारू?" हे वाक्य मी विमानतळावरून आलेल्या फोनवर ऐकलेलं आहे.

पुण्याचा_वकील

मिरर ऑर्डरसाठी इकडे किमान दोन-तीन महिने धरा. दिवाळीसाठी सप्टेंबरात फोन आला तर मी काही करू शकत नाही.

मँचेस्टरी

मुलांच्या केसेसमध्ये अजून एक. आई-वडील दोघांचाही सहभाग मुलाच्या हिताचा असतो असं गृहीतक 2014 पासून चिल्ड्रेन ॲक्टमध्ये आलं. ते काढून टाकण्याचा इरादा सरकारने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केला. कायद्यात प्रत्यक्ष बदल कोणत्या तारखेपासून लागू, ते प्रत्येक फाइलच्या वेळी तपासा. घोषणा म्हणजे कायदा नव्हे. पण छळाच्या केसमध्ये त्या गृहीतकाचा बाऊ करणाऱ्यांना उत्तर तयार ठेवा.

नवशिका_ट्रेनी

सगळं वहीत उतरवून घेतलं. सर, एक शेवटचं विचारते. फायनल ऑर्डरबद्दल पक्षकाराला नेमकं काय लिहून देता?

रेडिंगकर

पहिल्या पत्राच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, आणि मराठी पक्षकार असेल तर खाली मराठीतही. माझा मजकूर असा, हवा तर घ्या:

"घटस्फोट झाला म्हणजे पैशाचा निकाल लागला असं नाही. घर, पेन्शन, बचत आणि भारतातली मालमत्ता यांबद्दल कोर्टाची वेगळी ऑर्डर लागते. ती होईपर्यंत फायनल ऑर्डरसाठी अर्ज करू नका. समोरच्याने केला आहे असं कळलं तर त्याच दिवशी मला फोन करा. पैशाची ऑर्डर होण्याआधी दुसरं लग्न करण्याचा विचार असेल तर तारीख ठरवण्यापूर्वी मला सांगा. कारण विचारणार नाही."

शेवटचं वाक्य त्या फोल्डरवाल्या बाई भेटल्यानंतर घातलं. दुसऱ्या लग्नाचं सॉलिसिटरला सांगायला लोकांना संकोच वाटतो.

लेस्टरची_लेक

हे मी उद्यापासून वापरणार. उलट बाजूसाठी एक ओळ जोडते: "मागणी काहीच नसली तरी क्लीन ब्रेक ऑर्डर (पुढे एकमेकांवर आर्थिक दावा उरणार नाही अशी) करून घ्या." वायट विरुद्ध विन्समध्ये घटस्फोट 1992 चा आणि बायकोचा अर्ज 2011 चा. दरम्यान नवरा कफल्लकाचा कोट्यधीश झाला होता. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने अर्ज चालू दिला.

रेडिंगकर

बाईंबद्दल दोघा-तिघांनी व्यनि करून विचारलं म्हणून इथेच सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. पेन्शनपुरता फॉर्म ए दाखल झाला. पहिल्या सुनावणीची तारीख आली आहे, पेन्शन तज्ज्ञाचा अहवाल मागवला आहे. काल त्या कागद द्यायला आल्या होत्या. फोल्डरला आता नवी चिकटपट्टी आहे, हिरवी, तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय "पेन्शन".